खो मिळेपर्यंत

बाई, उद्या सकाळी शर्यत आहे आणि मी पळावं की नाही, हे विचारायला मला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाहीये. विचारण्यासारखी माणसं नाहीत असं नाही. डॉक्टर आहे, फिजिओ आहे, नवरा आहे, आणि आमच्या रविवारच्या पळण्याच्या ग्रुपमध्ये तर प्रत्येकजण अर्धा डॉक्टर आहे. पण डॉक्टरचं ऐकायचं नसलं की माणूस ग्रुपला विचारतो, आणि ग्रुपचंही ऐकायचं नसलं की तुमच्यासारख्या गेलेल्या माणसाला लिहायला बसतो. रागावू नका. तुम्ही होतात तेव्हाही मी अशीच बोलायचे. शनिवारची दुपार आहे, घरात सगळे झोपलेत. टेबलावर उद्याचा छातीवर लावायचा नंबर पडलाय, सोबत चार सेफ्टी पिना. आणि मी डावा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून, नडगीवर बर्फाची पिशवी बांधून बसलेय.

मी कोण ते सांगते, म्हणजे आठवायला त्रास नको. कोपरखैरण्याच्या शाळेतली, खो-खोच्या टीममधली, लाल रिबिनीने दोन वेण्या वर बांधलेली. वडील मार्केटात पोती उचलायचे. आम्ही साताऱ्याकडचे, त्यामुळे मुलीने हाफ पँट घालून मैदानात पळणं घरात कुणालाच पसंत नव्हतं. तुम्ही एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन वडिलांना म्हणालात, "दादा, पोरगी पळतीय. पळून जात नाहीये." वडील हसले आणि तिथेच विषय संपला. तुम्ही मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. "ए, गुडघ्याला बाशिंग" म्हणायचात, कारण मला कशातच दम धरता यायचा नाही. शिट्टी वाजायच्या आधी मी निघालेली असायचे, डबा उघडायच्या आधी माझा हात त्यात असायचा. आठवलं ना?

मधली बरीच वर्षं मी पळाले नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, लेक, सगळ्यांचं होतं ते झालं. आता द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरचे कागद बघते आणि करंजाड्याला राहते. चाळिशी आली तशी पुन्हा पळायला लागले, आणि त्याला कारण करावे गावातली एक आगरी बाई. तेव्हा आम्ही सीवूड्सला भाड्याने राहायचो आणि हिचं पार्लर कराव्याच्या गल्लीत. माझी भुवई दोऱ्यात धरलेली असताना, म्हणजे मला मान हलवून नाही म्हणता येणार नाही अशा वेळी, तिने विचारलं, "सकाली माझ्यासंगं पलायला येतंस काय गो? एकलीच्या मागं कुत्री लागतान." म्हणजे मी गेले ती कुत्र्यांना घाबरवायला. पहिल्या दिवशी खाडीच्या बाजूने दोन किलोमीटर पळून मी फुटपाथवर आडवी झाले. ती शेजारी उभी राहून पोट धरून हसत होती. तिथून आमची मैत्री झाली आणि हळूहळू दहा, वीस, तीस किलोमीटर असं अंतर वाढत गेलं.

आणि मज्जा, बाई. तुम्हाला वाटेल ही साधना वगैरे करते. छे. रविवारी पळून झालं की मिसळ ठरलेली. कुणाचा वाढदिवस असला की रस्त्याच्या कडेला गाडीच्या बॉनेटवर केक, श्रावण लागायच्या आधी कुणाच्या तरी फार्म हाऊसवर कोंबडी, आणि बायकांची भिशी वेगळी. नवरा म्हणतो, तू पळतेस त्याहून जास्त खातेस. खरं आहे. मला सोमवार ते शनिवार ऑफिस आणि घर यांच्यात जेवढं गप्प बसावं लागतं, ते सगळं मी रविवारी वसूल करते. मला पळणंही पाहिजे आणि नाचणंही पाहिजे, एक घे आणि एक सोड असं कुणी सांगितलं की डोकं फिरतं. इतकी वर्षं तेच तर करत आले.

उद्याची शर्यत बेचाळीस किलोमीटरची, दोघींचीही पहिली. तिला एकटीने पळायची भीती वाटते. अंतराची नाही, मध्येच आपण सोडून देऊ याची. तिने आयुष्यात बऱ्याच गोष्टी मध्येच सोडल्यात असं ती म्हणते. शाळा सोडली, नर्सिंगचा कोर्स सोडला. "तू बाजूला असलीस की मना लाज वाटल सोराला," असं म्हणाली आणि त्याच दिवशी आम्ही दोघींनी मिळून नाव नोंदवलं. मी तिला शब्द दिला होता की शेवटपर्यंत बाजूला असेन. आणि दिवाळीनंतर माझी नडगी दुखायला लागली. आधी पळताना, मग जिना चढताना, मग नुसतं झोपलं तरी. डॉक्टरने तपासणी करून सांगितलं, हाडाला केसाएवढी चीर आहे, पळणं बंद, भरून आली तर जानेवारीत बघू.

मी बसले. शपथेवर सांगते, सुरुवातीला मी खरंच बसले. पण दुखायचं थांबलं आणि नेमकी त्याच वेळी तिच्या धाकट्या भावाची हळद आली. तुम्ही आगऱ्यांची हळद बघितली असेल, कोपरखैरण्यालाही गावठाणात व्हायची. बेंजो, मांडवभर माणसं, आणि घरातल्या सगळ्या बायकांना एकाच रंगाच्या साड्या. तिने मलाही तीच साडी घेतली होती. आता ती साडी म्हणजे नुसती साडी नसते. ती नेसून कुणी खुर्चीवर बसून राहिलं तर घरच्या बायकांना लागतं, पाहुणीसारखी बसली म्हणतात. नवरा निघतानाच म्हणाला, "डॉक्टरने बसायला सांगितलंय." मी म्हटलं, "पळू नको सांगितलंय. नाचू नको कुठे सांगितलंय?" आणि मी नाचले, बाई. असं नाचले की तिची आई माझ्यावरून बोटं मोडून दृष्ट काढत होती. दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नव्हता.

मग परत डॉक्टर. तो या वेळी चिडला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, चीर वाढलीये, या पायावर बेचाळीस किलोमीटर पळालात तर हाड मोडेल, आणि मग पळायचा विषयच काढू नका. नवऱ्याला मी हे थोडं पाणी घालून सांगितलं. तिला सांगितलंच नाही. सांगायला तोंड उघडलं की ती म्हणायची, तू हायस म्हनून मी हाय. काल आम्ही दोघी जाऊन नंबर घेऊन आलो, तिने माझा फोटो काढला, मी दात काढून हसतेय त्यात. म्हणजे आता असं झालंय की पळाले तर पाय जाईल आणि नाही पळाले तर ती पळणार नाही. दोन्हीकडून माझीच मान अडकलीये.

म्हणून तुमची आठवण आली. खरं सांगायचं तर ती आंतरशालेय मॅच आठवली. आपला पाठलागाचा डाव, थोडा वेळ उरलेला, त्यांची एकच मुलगी मैदानात आणि तीही दमलेली. मी मधल्या पाटीवरच्या चौकोनात बसलेय, तोंड एका बाजूला, पाठ दुसऱ्या. आपली मुलगी मागून माझ्याकडेच येतेय हे मला तिच्या पावलांवरून कळतंय. आणि समोरून ती दमलेली मुलगी चाललीये, हाताच्या अंतरावर. मी उठले. पाठीवर हात पडायच्या आधीच उठले. पंचांनी फाउलची शिट्टी मारली, नियमाप्रमाणे आपल्याला उलट्या दिशेला जावं लागलं, आणि ती मुलगी खांबापाशी जाऊन निवांत श्वास घेत उभी राहिली. आपण हरलो. बसमध्ये सगळ्या पोरी माझ्याशी बोलत नव्हत्या आणि तुम्ही मात्र खिडकीबाहेर बघत शेंगदाणे खात होतात. मला वाटलं, वाचले.

सोमवारी प्रॅक्टिसला तुम्ही मला चौकोनात बसवलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, "आज हिला कुणी खो द्यायचा नाही." सगळा खेळ माझ्या आजूबाजूने चाललेला. पुढून पोरी पळतायत, मागून पळतायत, शेजारणीला खो मिळतोय, ती उठतेय, दुसरी येऊन बसतेय, आणि मी आपली उकिडवी. पायाला मुंग्या आल्या, मग खऱ्या मुंग्याही आल्या. मी रागाने मान वळवून मागे बघायचे, कोण येतंय का म्हणून. तुम्ही लांबून ओरडलात, "मागं बघायचं नाही. हात पडला की कळतंय." मी म्हटलं, "मग मी इथं काय करतेय बाई? नुसती बसलेय." तुम्ही म्हणालात, "आठ जणी बसतात म्हणून एक पळती. बसणंबी खेळच आहे की गं. बसायला काय जातंय तुझं?" मला तेव्हा ते मुळीच पटलं नाही. मी मनातल्या मनात तुम्हाला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घातल्या.

मग प्रॅक्टिस संपली, पोरी दप्तरं उचलून निघाल्या, आणि मी रडायच्या बेतात तिथेच. तेवढ्यात मागून पावलं ऐकू आली, एक पाऊल सरळ आणि एक ओढत टाकलेलं. तुमचा उजवा पाय अधू होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, का ते विचारायची कुणाची टाप नव्हती. या वेळी ती पावलं चालण्याची नव्हती. तुम्ही पळत होतात, बाई. खांबापासून माझ्यापर्यंत, तशाच ओढत्या पायाने, साडीच्या निऱ्या हातात धरून. मी मागे बघितलं नाही. तुमचा हात पाठीवर पडला, चांगला जोरात, आणि तुम्ही ओरडलात, "खो!" मी उठले आणि उठल्या उठल्या तोंडावर आपटले, कारण दोन्ही पाय बधिर झाले होते. तुम्ही हसत होतात. तुम्हाला धाप लागली होती आणि तुम्ही फार आनंदात होतात, एवढं मला नीट आठवतंय.

तुम्ही मला तसंच तुमच्या घरी नेलंत. सिडकोची ती एक खोली आणि स्वयंपाकघर, ओट्यावर स्टोव्ह, स्टोव्हजवळ दोन बादल्या. एका बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून माझे पाय त्यात सोडले आणि तुम्ही पोहे भिजवायला घेतलेत. कांदा चिरताना, माझ्याकडे पाठ करून, तुम्ही बोललात. तुम्ही सांगलीकडून खेळायचात, वीस-एकवीसच्या असताना गुडघा सुजला, डॉक्टरने दोन महिने बस म्हणून सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात मोठी मॅच होती. "सगळी म्हणाली खेळ. मीबी म्हणाले खेळते. कुणाला नाही म्हणवलं नाही मला." पुढे काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, त्या पायाकडे बघून मला ते कळत होतं. मग कढई उतरवताना म्हणालात, "बसले असते तर आजून धा वर्षं खेळले असते गं." आणि लगेच, "लिंबू पिळू का?" मी हो म्हटलं. तसे पोहे मी नंतर कुठे खाल्ले नाहीत, ते माझ्यासाठी केले होते म्हणून असेल.

काय मूर्ख आहे मी. तुम्हाला विचारायला बसले आणि तुम्ही तेव्हाच सांगून ठेवलंय. बर्फ वितळलाय, पाणी फरशीवर सांडलंय. हे इथेच ठेवते आणि तिला फोन करते.

सोमवार आहे, बाई. पुढचं सांगते.

फोनवर मी सगळं एका दमात ओकले. चीर, डॉक्टर, खोटं, सगळं. मला वाटलं आता ही बोलणंच टाकणार. मग ती म्हणाली, "मना हलदीलाच समजलं. सगल्या गिरक्या तू एकाच पायावर मारत होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हनून गप होते. मीच सांगितलं असतं नको पलू, तर तू ऐकलं असतंस काय? तू कोनाचं ऐकतंस?" आणि मग एकदम बारीक आवाजात, "पन मी एकली नाय पलनार गो. मधेच सोरीन मी." मी म्हटलं, "नाही सोडणार. जिथे सोडावंसं वाटेल तिथे मी असेन." कुठे ते आम्हा दोघींना माहीत होतं. लांब पळताना ती दर वेळी एकाच ठिकाणी ढेपाळायची, पाम बीच रोडला, कराव्याच्या बाजूला, जिथून घर दिसतं. घर दिसलं की पाय घरी जायला बघतात.

तर रविवारी मी तिच्याच पार्लरमधलं लाल प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन त्या फुटपाथवर जाऊन बसले. डब्यात उकडलेले बटाटे मीठ लावून, एका बाटलीत लिंबू-पाणी, दुसरीत साधं पाणी, नवऱ्याने हातात छत्री दिलेली. रस्त्यावरून माणसं पळतायत, शेकड्याने. माझ्या वयाच्या, माझ्याहून म्हाताऱ्या, माझ्याहून जाड, सगळ्या पळतायत आणि मी स्टूलवर. ओळखीचे ग्रुपवाले ओरडून जायचे, "काय मॅडम, दुकान टाकलं का?" मी पण उलट ओरडायचे, "बटाटा घे आणि पुढे हो." हसत होते, पण आतून जळत होते, खोटं कशाला बोलू. माझे पाय आपोआप स्टूलखाली सरकत होते, उठायच्या तयारीत. शर्यत त्याच रस्त्यावरून दोन फेऱ्यांची होती, पहिल्या फेरीला ती आली ती नाचतच. बटाटा घेतला, माझा गाल ओढला आणि गेली.

दुसऱ्या फेरीला उन्हं चांगली वर आली होती. ती लांबून दिसली तेव्हाच मला कळलं. मान खाली, हात लोंबतायत, पळत नव्हती, चालत होती. माझ्यापाशी येऊन थांबली आणि घराच्या दिशेने बघायला लागली. म्हणाली, "नाय जमत गो आता. ऊठ. मना बसू दे." आणि मी उठणारच होते, बाई. माझी मैत्रीण उन्हात उभी आहे, पाय थरथरतायत, मी सावलीत बसलेय, कोण उठणार नाही? कुल्ले स्टूलवरून सुटलेही असतील. पण ती बसली तर परत उठणार नाही, हे मला दिसत होतं. मी स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि म्हटलं, "नाही उठत."

"येरी हायस काय गो? ऊठ म्हनते ना."

"माझं स्टूल आहे."

"माझ्या पार्लरचं हाय ते." तिला रडू यायला लागलं. मला नाही नाही ते बोलली, माझ्या सात पिढ्या काढल्या. मी तिला हाताला धरून खाली वाकवलं, तोंडात बटाटा कोंबला, डोक्यावर पाणी ओतलं, हे सगळं बसूनच. मग तिला कमरेला धरून वळवलं आणि पाठीवर दणका घातला. "खो!" बसलेल्या माणसाने खो देणं कुठल्याच नियमात नाही, मला माहीत आहे, पण तिथे पंच नव्हता. ती दोन पावलं धडपडली, मागे वळून अजून एक शिवी दिली, आणि पळायला लागली. आधी लंगडत, मग बरी. ती वळणाआड जाईपर्यंत मी स्टूल परत दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

तिने पूर्ण केली, बाई. शेवटून मोजली तर लवकर सापडेल, पण पूर्ण केली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली आणि पदक माझ्या गळ्यात घालायला लागली. मी परत तिच्या गळ्यात घातलं, माझं नाही ते मला नको. मिसळ खाताना ती सगळ्यांना सांगत होती की या बाईने मला साधं स्टूल दिलं नाही, आणि सगळे माझी खेचत होते. डॉक्टर म्हणतो, आता खरंच बसलात तर पावसाळ्यापर्यंत पळाल. नवरा म्हणतो, लिहून घेऊ का? शर्यतीसाठी घेतलेले नवे बूट खोक्यात तसेच आहेत. हा कागदही त्याच खोक्यात ठेवीन, तुम्हाला पाठवायला पत्ता कुठला.

एक सांगायचं राहिलं. ती वळणाआड गेल्यावर थोडा वेळ रस्ता मोकळा होता. मी पाठ ताठ करून बसले होते, पाय जवळ घेऊन, तुम्ही शिकवलं होतंत तशी. मागे बघायचं नाही, हात पडला की कळतं, हे मला पाठ आहे. तरीही मागे कुणी नाही हे माहीत असून मी एकदा वळून बघितलं.